शील तुमचं, स्पीकर शेजारच्या वाडीतला

आषाढ पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला तीन महिन्यांचा मुक्काम, बसला की पत्रांचा रतीब सुरू होतो. घोळ दर वर्षी तोच: पंचशील (रोजची पाच शिलं), अष्टशील (ठरावीक दिवशी घ्यायची आठ) आणि भिक्खूंचे नियम एकाच टोपात घालून ढवळलेले. मी भिक्खू नाही, पाली शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहे. ग्रंथात काय आहे एवढं सांगतो. शील घ्यायचं ते भन्तेंकडून, म्हणजे भिक्खूंकडून.

जय भीम सर. मी गुहागरला बारावीत आहे. आजोबा म्हणतात, पंचशील घेतलं की गाणी ऐकायची नाहीत. खरं का?

नाही. पंचशिलात हत्या, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि नशापाणी एवढ्यांचाच त्याग आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या २२ प्रतिज्ञांतही गाण्याचं नाव नाही. नाच, गाणं, वादन आणि तमाशे पाहणं येतं ते अष्टशिलातल्या सातव्या शिलात. ते उपोसथाच्या दिवशी, म्हणजे अष्टमी, पौर्णिमा, अमावास्येला घेतात. कुणी वर्षावासाचे तिन्ही महिने पाळतात. आजोबा बहुधा त्यातले असतील. तेवढे दिवस त्यांच्या खोलीत मोबाइल वाजवू नका.

गणपतीत शेजारच्या वाडीत दिवसरात्र स्पीकर चालू असतो. माझं अष्टशील मोडतं का?

नाही. ऐकू येणं वेगळं, ऐकायला जाऊन बसणं वेगळं.

आमच्या बाजारात ‘अष्टशील संच’ मिळतो: पांढरी साडी, मोत्यांची माळ, चंदनाच्या अत्तराची कुपी. ११०० रुपये. घ्यावा का?

सातवं शील पुढे काय म्हणतं ते विक्रेत्याला वाचायला द्या: ‘माला-गंध-विलेपन’. माळ आणि अत्तर वर्ज्य करायचं, त्याच शिलाच्या नावानं तो माळ आणि अत्तर विकतोय! घरातली धुतलेली साडी नेसा.

मी बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. लग्नं, हळदी, मिरवणुका, यावरच घर चालतं. व्हॉट्सॲपवर आलं की वादकाचा धंदा बुद्धांनी निषिद्ध ठरवलाय. सोडू का?

व्हॉट्सॲपवरून पोटापाण्याचा धंदा सोडू नका. उपासकानं कोणते व्यापार करू नयेत ते अंगुत्तर निकायात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहात, मोजून दिलंय: शस्त्रं, माणसं, मांस, मद्य आणि विष. बेंजो त्यात नाही. उलट दीघ निकायात, अशाच दुसऱ्या संग्रहात, पंचशिख गंधर्व वीणेवर गातो, तेव्हा बुद्ध म्हणतात की तारेचा सूर आणि गाण्याचा सूर छान जुळलाय. वीणेची तार फार ताणू नको, फार ढिली ठेवू नको, हा दाखला तर खुद्द त्यांनीच सोण भिक्खूला दिला. संगीताचा तिटकारा असलेला माणूस हा दाखला निवडेल का?

पण दुसरी बाजू झाकणार नाही. संयुत्त निकायात तालपुट नावाचा नटांचा म्होरक्या बुद्धांना विचारतो, लोकांना हसवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांत जातो म्हणतात, ते खरं का? बुद्ध दोनदा म्हणतात, हे विचारू नकोस. तिसऱ्यांदा विचारल्यावर जे सांगतात ते ऐकून तालपुट रडतो. स्वतः बेहोश होऊन लोकांना बेहोश करणाऱ्याबद्दल ते बोलणं आहे. म्हणून तुम्हाला माझा प्रश्न असा: सुपारी, म्हणजे ठरलेलं वाजवणं, संपल्यावर हळदीच्या मांडवामागे काय चालतं? क्वार्टर हातात आली की तिथं सातवं नव्हे, पाचवं शील जातं, आणि ते बाराही महिन्यांचं आहे. कीबोर्ड राहू द्या. अष्टशील घ्यायचंच असेल तर ज्या उपोसथाला सुपारी नाही तो दिवस भन्तेंना विचारून ठरवा.

अष्टशिलात क्रिकेट बघितलं तर?

ब्रह्मजाल सुत्तात टाळायच्या तमाशांची यादी आहे. हत्तींच्या झुंजी, कोंबड्यांच्या झुंजी, कुस्ती, फौजेची कवायत. क्रिकेट नाही, कारण तेव्हा नव्हतं. वकिली करू नका.

मला साखर आहे, रात्री इन्शुलिन घेते. दुपारी १२ नंतर जेवायचं नाही हे शील घेऊ का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. सहावं शील वगळून बाकीची पाळता येतील का, ते भन्तेंना विचारा.

आमच्या विहारात रोज पहाटे ५ ला पेन ड्राइव्हवर संगीतमय त्रिशरण-पंचशील लावतात. चाल सिनेमाच्या गाण्याची आहे, पण लोकांना आवडते. अष्टशील घेतलेल्यांनी ती ऐकावी का?

याच पत्राची वाट बघत होतो.

आधी साधी गोष्ट. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा लावायला कायद्यानं बंदी आहे. शेजारच्या वाडीच्या स्पीकरवर तक्रारी करणाऱ्यांनी स्वतःचा भोंगा आधी उतरवावा.

आता ग्रंथ. गीतस्सर सुत्तात बुद्ध भिक्खूंना सांगतात की धम्म गाण्याच्या लांबलचक आलापीत म्हटला तर पाच तोटे होतात. म्हणणारा स्वतः त्या सुरात गुंततो. ऐकणारे गुंततात. गृहस्थ नावं ठेवतात, की आम्ही गातो तसेच हेही गातात. सुराची कसरत करताना समाधी मोडते. आणि मागून येणारे तोच कित्ता गिरवतात. पाचही तोटे तुमच्या विहारात हजर आहेत. पोरांना ती चाल पाठ आहे, शिलातल्या ‘वेरमणी’चा अर्थ (‘दूर राहणं’) विचारा, एकाला सांगता येणार नाही.

याचा अर्थ सूरच नको असा नाही. सरभञ्ञ, म्हणजे साध्या लयीतलं पठण, विनयात, भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, मान्य आहे. सोण कुटिकण्णानं (हा वीणेवाला नव्हे, दुसरा सोण) अट्ठकवग्ग नावाचा गाथांचा भाग तसा म्हटला तेव्हा बुद्धांनी त्याचे उच्चार वाखाणले. तेव्हा वाद कीबोर्डचा नाहीच. प्रत्येक शिलाच्या शेवटी येणारं ‘समादियामि’ म्हणजे ‘मी ग्रहण करतो’. हे क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनी आहे. पेन ड्राइव्ह ते कुणाच्या वतीनं ग्रहण करतो? मिक्सरवर आलं-लसूण वाटत असताना खिडकीतून पंचशील ऐकू आलं म्हणजे घेतलं, असं नसतं. भीमगीतं जयंतीला ढोलकीवर दणक्यात गा, मीही मागे टाळ्या धरीन. वंदना मात्र तोंडानं म्हणा, बेसूर झाली तरी. विहार समितीशी भांडू नका; पुढच्या पौर्णिमेला भन्ते येतील तेव्हा त्यांच्यासमोर विषय काढा.

अष्टशील घेतलं की डोक्यात गाणं वाजत राहतं. मन अजून तयार नाही असं समजून पुढच्या वर्षी घेऊ का?

आपल्याच किनाऱ्यावरच्या सोपाऱ्याला, जिथला स्तूप पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उकरला, तिथं समुद्रकाठी झाडाच्या साली नेसून राहणारा बाहिय होता. तो श्रावस्तीपर्यंत गेला. बुद्ध भिक्षेला निघालेले. ‘ही वेळ नव्हे’, ते दोनदा म्हणाले. कोण कधी मरेल कळत नाही, म्हणून बाहियानं तिसऱ्यांदा विचारलं. मिळालेला उपदेश असा: पाहिलेल्यात फक्त पाहिलेलं, ऐकलेल्यात फक्त ऐकलेलं. थोड्याच वेळात वासरू असलेल्या गाईनं त्याला मारलं.

डोक्यातलं गाणं वाजतंय एवढं कळलं तरी पुरे. ते आपण लावलं नाही, त्यानं शील मोडत नाही. येती अष्टमी कॅलेंडरात बघा आणि आदल्या संध्याकाळीच भन्तेंना फोन करा.