पाचवीतल्या मुलाला शाळेतला स्क्रॅचचा क्लब पुरे, की बाहेर पायथनचा क्लास लावू?

तुमचा प्रश्न असा, की मुलगा पाचवीत आहे, शाळा सुटल्यावर तिथेच कोडिंगचा क्लब भरतो, पण 'नुसतं स्क्रॅच' शिकवतात, म्हणजे सूचनांचे तयार ठोकळे (ब्लॉक) माउसने जोडून प्रोग्राम करायची मुलांची भाषा. मग बाहेर थेट पायथनचा, म्हणजे सूचना इंग्रजीत टाइप करायच्या भाषेचा, क्लास लावावा का. त्या 'नुसतं'मुळेच लिहायला बसलो.

सांगलीतल्या एका शाळेत मी ४ वर्षं दर शुक्रवारी असा क्लब चालवला. ब्रिटनमध्ये २०१२ साली कोड क्लब सुरू झाले, तेच डोळ्यासमोर होतं: फी नाही, परीक्षा नाही, शिकवणारे स्वयंसेवक. ११ संगणक, २२ मुलं. एकाने माउस धरायचा, दुसऱ्याने सांगायचं, १० मिनिटांनी अदलाबदल.

पहिल्या वर्षी सहावीतल्या एका मुलीने मांजर आणि सफरचंदाचा खेळ केला. मांजर सफरचंदाला टेकलं की एक गुण. चालवून बघितला आणि ओरडली, "सर, एकदम चाळीस झालं की!" कारण साधं आहे. मांजर टेकलंय का ही तपासणी लूपमध्ये, म्हणजे सतत पुन्हा पुन्हा चालणाऱ्या सूचनेत, होती आणि स्क्रॅच ती सेकंदाला साधारण ३० वेळा करतं. मांजर जितका वेळ चिकटून, तितके गुण. माझ्याबरोबर शिकवायला येणाऱ्या मित्राने, चांगला अनुभवी प्रोग्रामर, तिच्या हातातला माउस घेतला, दोन ब्लॉक जोडले, "हे बघ, झालं." २० सेकंदांत. ती "हं" म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून बसली. पुढचे दोन शुक्रवार आलीच नाही.

दुसऱ्या वर्षी दुसऱ्या मुलीची नेमकी तीच चूक झाली. या वेळी मी मित्राला दारापाशी थांबवून ठेवलं. तिने मांजर हळू नेलं, मग झटकन नेलं, दर वेळी आकडा वहीत लिहिला. ५२, १२, ३३. जोडीदारणीला म्हणाली, "अगं, लांब गेलं की थांबतंय. मग सफरचंदच पळवू या." टेकल्याबरोबर सफरचंद दुसरीकडे उडी मारेल असं तिने केलं आणि गुण एकेकाने वाढू लागले. २५ मिनिटं लागली. लूप, अट आणि व्हेरिएबल (गुणांसारखा बदलता आकडा साठवायची जागा) तिला त्या २५ मिनिटांत कळले. फळ्यावर मी महिनाभर शिकवून ते कुणाला कळले नव्हते.

मित्र आजही म्हणतो की ती २५ मिनिटं वाया गेली, तेवढ्यात गॅदरिंगला दाखवण्यासारखा आणखी एक खेळ झाला असता. शाळेच्या समितीचंही तेच, वर प्रमाणपत्रांचा आग्रह. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. मोठ्या माणसाने रात्री बसून नीट केलेला खेळ मुलाच्या नावावर स्टेजवर दाखवणं ही मुलाची फसवणूक आहे.

राहिलं स्क्रॅच. ते पोरखेळ नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ साली ते बाहेर आणलं, आणि त्यामागचा विचार १९६७ च्या लोगो या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेपासूनचा आहे: मुलाने यंत्राला सांगायचं, चुकायचं, स्वतःच शोधायचं. पायथनमध्ये एक कोलन राहिला तरी सगळं अडतं, आणि मराठी माध्यमाच्या पाचवीतल्या मुलाचा अर्धा जीव इंग्रजी स्पेलिंगमध्येच जातो. ब्लॉक चुकीचे लावले तरी काहीतरी घडतंच, आणि जे घडलं ते त्याला डोळ्यांनी दिसतं.

मुलगा आठवीत असता, किंवा स्क्रॅचमध्ये स्वतःच्या मनाचे दोन-तीन खेळ करून कंटाळला असता, तर पायथन लावा म्हणालो असतो. आणि सगळेच क्लब चांगले असतात असंही नाही. मुख्याध्यापकांना विचारून एक दिवस मागच्या बाकावर तासभर बसा. मूल अडलं की शिकवणारा त्याचा माउस घेतो का, तेवढं बघा. घेत असेल तर बोला त्याच्याशी. तरी ऐकत नसेल, तर स्क्रॅच फुकट उतरवता येतं, एकदा घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं, घरीच बसवा. मात्र तिथेही हात मागे ठेवून बसायचं.