घरात अधिकारी हवा, पण कशासाठी?

मुलीला बारावी विज्ञान शाखेत ६१ टक्के गुण मिळाले, तिला पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम करायचा आहे आणि आपल्या मते मात्र तिने कोणतीही पदवी घेऊन राज्यसेवेतून तहसीलदार व्हावे, एवढाच मजकूर आपल्या पत्रात असता तर चार ओळींत उत्तर देता आले असते. पण पत्राचा मोठा भाग बांधाच्या वादाने व्यापला आहे. शेजाऱ्याने बांध कोरला, वहिवाटीचा रस्ता अडवला, आपण तहसील कार्यालयात खेटे घालत आहात आणि समोरच्याचा मेहुणा महसूल खात्यात असल्यामुळे आपल्या पदरी फक्त पुढची तारीख पडते, असे आपण लिहिता. शेवटी आपला निष्कर्ष येतो: ‘कायद्याचे राज्य पुस्तकात असते, म्हणून घरात एक अधिकारी हवाच.’ मला काळजी वाटली ती या वाक्याची, गुणांची नव्हे.

आपला संताप रास्त असेल. तरीही आपली तक्रार नेमकी काय आहे, ते शांतपणे पाहावे. समोरच्याचे नाते खुर्चीपर्यंत पोचते म्हणून आपले काम अडते, ही तक्रार. आणि त्यावर उपाय म्हणून आपल्याला हवी आहे ती आपल्या नात्यातली खुर्ची. ज्याच्या घरात ना असा मेहुणा आहे ना अशी मुलगी, त्या तिसऱ्या शेतकऱ्याने काय करायचे, हा प्रश्न आपल्या पत्रात कुठेच नाही. एका मुलीच्या सगळ्या नोकरीचा पाया बांधाच्या वैरावर घालणे हे तिच्यावरचे दडपण आहे आणि ‘तिच्याच भल्यासाठी’ असे म्हटल्याने ते हलके होत नाही. स्पर्धा परीक्षेत अपयश आले, तर जमीन गेल्याचा दोषही तिच्याच माथी मारला जाईल, याचाही विचार करावा.

अधिकारी म्हणजे कायदा ज्याच्या मुठीत आहे असा माणूस, हा समज गावोगाव आहे आणि तो चुकीचा आहे. शेतरस्त्याच्या अर्जावर तहसीलदार निर्णय देतो तो महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ किंवा मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ त्याला जेवढा अधिकार देते तेवढ्यापुरताच. दोन्ही बाजूंना नोटीस काढून, चौकशी करून, कारणे नमूद करून त्याला आदेश द्यावा लागतो आणि तो आदेश पुढे वरिष्ठांकडे किंवा न्यायालयात तपासला जाऊ शकतो. उद्या आपली मुलगी तहसीलदार झाली, तरी स्वतःच्या वडिलांचा अर्ज तिला चालवता येणार नाही. तो दुसऱ्याकडे वर्ग करावा लागेल. त्या दुसऱ्यावर तिने फोन करून वजन टाकले, तर शासकीय कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांचा भंग होईल. म्हणजे ज्या कामासाठी आपण तिला त्या खुर्चीवर बसवू पाहता, तेच काम त्या खुर्चीला निषिद्ध आहे. संविधानाच्या अनुच्छेद १४ मधील ‘कायद्यापुढे समानता’ अधिकाऱ्यालाही बांधून ठेवते, ती अशी.

हे बंधन सुटले तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. आणीबाणीत मिसा या विनाचौकशी स्थानबद्धतेच्या कायद्याखाली अटक झालेल्यांनी उच्च न्यायालयांत दाद मागितली आणि नऊ उच्च न्यायालयांनी त्यांचे अर्ज ऐकण्याजोगे मानले. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी नीरेन डे यांना विचारले की, एखाद्या पोलिसाने निव्वळ वैयक्तिक वैरापोटी कोणाला ठार मारले, तर त्यावर काही दाद आहे का? आणीबाणी आहे तोवर नाही, अशा आशयाचे उत्तर मिळाले. एप्रिल १९७६ मध्ये चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू, म्हणजे आणीबाणीत अशा अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही हे म्हणणे, मान्य केली. त्यांत पुण्यात जन्मलेले यशवंत चंद्रचूडही होते. खन्ना एकटे विरोधात राहिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश केले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्दबातल ठरवला, आणि तो गंभीर चुकीचा होता असे लिहिणाऱ्यांत यशवंत चंद्रचूडांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते. वैर आणि अधिकार एकाच हातात आले तर काय, हाच खन्ना यांचा प्रश्न होता. आपल्या पत्रातली मागणी त्याच्यापासून फार दूर नाही, हे मला कटू वाटले तरी सांगितले पाहिजे.

आता मुलीविषयी. बारावीनंतरच्या विधी अभ्यासक्रमासाठी खुल्या प्रवर्गाला ४५ टक्क्यांची अट आहे, ती तिने सहज पार केली आहे. राज्याच्या सीईटी कक्षाची विधी प्रवेश परीक्षा, आणि मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, हे दोन मार्ग तिला ठाऊक असतीलच. न्यायाधीश होण्याची इच्छा असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली आहे. प्रशासन तिला स्वतःहून आवडले, तर विधी पदवीनंतरही राज्यसेवा देता येते. मात्र आपल्या प्रकरणात आपल्या बाजूने उभी राहणारी वकील म्हणूनही तिच्याकडे पाहू नये. तीही त्याच अपेक्षेची दुसरी आवृत्ती होईल.

बांधाचे काम वेगळे आहे आणि ते आजच सुरू करता येईल. भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे हद्द कायम मोजणीसाठी अर्ज करावा. तहसील कार्यालयातून आपल्या प्रकरणाच्या रोजनाम्याची नक्कल घ्यावी; तारखा कोणत्या कारणाने पडल्या, ते त्यात दिसेल. तो मेहुणा सुनावणी होत असलेल्याच कार्यालयात असेल, तर प्रकरण अन्यत्र वर्ग करण्याची लेखी मागणी वरिष्ठांकडे करावी. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. सातबाऱ्यावर पत्नीचे नाव असल्यास, १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते.

मुलीने प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी तालुका न्यायालयात काही दिवस मागच्या बाकावर बसून कामकाज पाहावे. सुनावणी सामान्यतः खुली असते. तारीख का मागितली जाते, साक्षीदार कुठे अडखळतो, न्यायाधीश कोणता प्रश्न नाकारतात, हे पाहून तिचा विचार बदलला तर बदलू द्यावा. तिच्यासोबत आपण मात्र जाऊ नये.