तुझ्या कोरडेपणाविषयी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तोंडी परीक्षेत इतर मुलींचे हात थरथरत असताना तुझ्या छातीत साधी धडधडही झाली नाही, सगळे दूर कुठेतरी चालल्यासारखे वाटले. घरी मात्र रात्री दारात मोटारसायकल थांबली की अजूनही झोप उडते, असे तू लिहिलेस. वडील गेले तेव्हा रडली नाहीस म्हणून गावाने तुला दगडाच्या काळजाची ठरवले, हे वाचून मला फार वाईट वाटले. गावाचे म्हणणे चुकीचे आहे.

धोका जाणवला की मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला आणि ती मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथींना संदेश पाठवते. त्यांतून स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तातील साखर वाढवून शरीराला बळ देते आणि पुरेसे झाले की मेंदूला थांबण्याची खूणही तेच करते. लहानपणी नापिकी, वसुलीचा तगादा आणि रात्रीची भांडणे सरतच नसतील, तर या यंत्रणेची घडणच बदलू शकते. मग कुणाचे कॉर्टिसॉल किरकोळ ताणानेही उसळते, तर कुणाचे वाढायला हवे तेव्हाही फारसे वाढत नाही. रुमानियातील अनाथालयांत वाढलेल्या मुलांमध्ये हा दुसरा प्रकार दिसला. त्यांच्यापैकी ज्यांना दोन वर्षांच्या आत कुटुंबात ठेवले गेले, त्यांचे शरीर मात्र इतर मुलांसारखेच प्रतिसाद देत होते. तुझ्याबाबतीत नेमके हेच घडले, असे पत्रावरून मी ठामपणे म्हणणार नाही. पण कोरडेपणा म्हणजे माया नसणे नव्हे, एवढे खात्रीने सांगतो.

नागपूरला जाऊन कॉर्टिसॉल तपासू का, असे विचारतेस. त्यात पैसे घालवू नकोस. ते सकाळी जागे झाल्यावर सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. एका तपासणीवरून बालपणाचा हिशेब लागत नाही. त्यापेक्षा झोपण्या-उठण्याची वेळ सांभाळ, आणि झोप अशीच उडत राहिली तर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखव. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते.

अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी 1998 साली दाखवले की बालपणीच्या आघातांचे प्रकार जितके अधिक, तितका पुढे हृदयविकार, नैराश्य आणि व्यसनांचा धोका अधिक. हे वाचून तू घाबरलीस, पण ते समूहाचे गणित आहे, तुझे प्राक्तन नव्हे.

मला खरी काळजी तुझ्या आठवीतल्या भावाची वाटते. अनाथालयांतून दत्तक गेलेल्या मुलांच्या 2019 मधील एका अभ्यासात असे आढळले की, आधी मंदावलेला कॉर्टिसॉलचा प्रतिसाद वयात येताना, स्थिर घर लाभलेले असताना, इतर मुलांच्या जवळ आला. ही त्याची तीच वर्षे आहेत. तेव्हा वसुलीवाले आले की ‘आई घरी नाही’ असे सांगायला त्याला ओसरीवर पाठवू नका; बोलणी काकांनी करावीत, आणि तसे आजच त्यांच्याशी ठरवून घे.

कळावे,
तुझे सर