चित्रण स्लो मोशनमध्ये, ओठ मात्र गाण्यावर

प्रश्न : मी मराठी गाण्यांचे व्हिडिओ दिग्दर्शित करतो. गायिका स्लो मोशनमध्ये गाताना दाखवायची होती, पण एडिटिंगला ओठ जुळलेच नाहीत. काय चुकलं असेल? (वाचक, सांगली)

उत्तर : सेटवर गाणं मूळ वेगातच वाजवलं गेलं असणार. कॅमेरा जितक्या पटीने जास्त फ्रेम घेतो, तितक्याच पटीने गाणंही जलद वाजायला हवं. एडिटिंगची टाइमलाइन सेकंदाला २४ फ्रेमची आणि चित्रीकरण ४८ फ्रेमचं असेल तर प्लेबॅक, म्हणजे सेटवर वाजणारं गाणं, दुप्पट वेगाचा. चार मिनिटांचं गाणं सेटवर दोन मिनिटांत संपतं. ही जलद प्रत आधीच करून घ्या. पट्टी मूळचीच ठेवा, नाहीतर आवाज चिरका होऊन शब्द कळत नाहीत. ओळ पकडता यावी म्हणून सुरुवातीला त्याच जलद लयीत चार ठोके टाका.

अंतऱ्यातल्या भरगच्च ओळी दुप्पट वेगात तोंडात बसत नाहीत. तिथे ३६ फ्रेम आणि दीडपट प्लेबॅक पुरे. केस आणि पदर तेवढ्यातही छान तरंगतात. गायिकेला मोठ्याने गायला सांगा. नुसते ओठ हलवले की गळा निश्चल राहतो आणि खोटेपणा लगेच दिसतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साध्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. ४८ फ्रेमला नेहमीचा १८० अंशांचा शटर (फ्रेमच्या निम्म्या वेळेपुरता उघडा) १/९६ सेकंद येतो आणि साध्या ट्यूबलाइट पडद्यावर लुकलुकतात. म्हणून शटर १/१०० सेकंद ठेवा.

बरेच कॅमेरे स्लो मोशनमध्ये आवाज टिपतच नाहीत. तेव्हा प्रत्येक टेकला चौथ्या ठोक्यावर क्लॅप द्या. एडिटिंगमध्ये क्लिप २४ फ्रेमवर आणून मूळ गाण्याखाली लावा आणि प, ब, म या अक्षरांना ओठ मिटतात का ते पाहा. तिथे जुळलं की बाकीचं जुळतं.

प्रश्न : व्हिडिओंवरून चित्रपटाकडे जाता येतं का? (वाचक, पुणे)

उत्तर : येतं. अमेरिकन दिग्दर्शक स्पाइक जोन्झ यांनी १९९६ मध्ये ‘द फारसाइड’ या रॅप गटाच्या ‘ड्रॉप’साठी कलाकारांकडून गाणं उलटं पाठ करून घेतलं आणि चित्रण उलटं फिरवलं. १९९९ मध्ये त्यांचा पहिला चित्रपट आला. मात्र गाण्यांच्या शोरीलमधून (निवडक कामाच्या छोट्या व्हिडिओतून) तुम्हाला संवाद हाताळता येतो की नाही, हे निर्मात्याला कळत नाही. आठ-दहा मिनिटांचा, दोनच पात्रांचा, सेटवरच आवाज टिपलेला लघुपट करा आणि शोरीलसोबत तो दाखवा.