वाचकांचे प्रश्न : पाळलेला साप अन्न घेत नाही तेव्हा

प्रश्न : माझ्याकडे बॉल पायथन जातीचा सुमारे तीन वर्षांचा नर साप आहे. दिवाळीपर्यंत तो दर दहा-बारा दिवसांनी एक पांढरा उंदीर विनातक्रार खात असे. त्यानंतर त्याने अन्नाला तोंड लावलेले नाही आणि आता माघ महिना सुरू होत आहे. दिवाळीत त्याचे वजन ११८० ग्रॅम होते, आज ते ११२० ग्रॅम भरले. त्याची काचेची पेटी बैठकीच्या खोलीत आहे आणि तिच्याखाली उष्णता देणारी चटई आहे. मी एक दिवसाआड उंदीर त्याच्यापुढे धरून पाहतो. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की, आता तोंड उघडून भरवावे. तसे करावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तोंड उघडून भरवू नका. जबरदस्तीने भरवताना सापाचे नाजूक दात तुटतात, हिरड्यांना जखम होऊन तोंडात पू होतो आणि कधी कधी अन्ननलिकेलाही इजा पोहोचते. शिवाय अशा प्रसंगानंतर साप अन्नाची वेळ आणि भीती यांची सांगड घालतो, त्यामुळे पुढचा नकार अधिकच घट्ट होतो. हा उपाय अगदी शेवटचा आहे आणि तोही पशुवैद्यकानेच करावयाचा आहे. आपल्या सापाची स्थिती त्यापासून फार दूर आहे. ६० ग्रॅमची घट म्हणजे मूळ वजनाच्या सुमारे ५ टक्के. पूर्ण वाढलेल्या नराने हिवाळ्यात दोन-तीन महिने उपास करणे या जातीत नेहमीचेच आहे.

याचे कारण त्याच्या मूळ प्रदेशात आहे. अजगरांपैकी असलेला हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील गवताळ, विरळ झाडीच्या भागात राहतो आणि दिवसाचा बहुतेक वेळ उंदरांच्या बिळांत किंवा वारुळांत घालवतो. वर्षाच्या थंड, कोरड्या काळात विणीचा हंगाम येतो आणि तेव्हा नर भक्ष्यापेक्षा मादीच्या शोधात असतात. पेटीत जन्मलेल्या, मादी कधीही न पाहिलेल्या नरातही ही ऋतूची जाणीव टिकून असते. त्यामुळे दिवाळीनंतर थांबलेले खाणे होळीच्या आसपास आपोआप सुरू झाल्याचे अनेक पाळणाऱ्यांनी अनुभवले आहे.

तरीही ऋतूवर सर्व भार टाकून स्वस्थ बसू नये, कारण साताऱ्याचा हिवाळा स्वतःच एक कारण असू शकतो. पौष-माघात आपल्याकडे रात्रीचा पारा बारा-तेरा अंशांपर्यंत उतरतो आणि दगडी किंवा सिमेंटच्या घरात पहाटे खोलीही गार पडते. सापाचे शरीर स्वतः उष्णता निर्माण करून टिकवत नाही. त्याचे पचन बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालते. पुरेशी ऊब नसताना गिळलेला उंदीर पचण्याऐवजी पोटातच कुजू लागतो. म्हणून ज्या सापाला आपले अंग पुरेसे तापणार नाही असे जाणवते, तो अन्न नाकारतो आणि त्याचा तो निर्णय योग्यच असतो. पेटीच्या उबदार बाजूला ३१ ते ३३ अंश आणि थंड बाजूला २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान असावे; रात्रीही कोणत्याही कोपऱ्यात ते २४ च्या खाली जाऊ देऊ नये. काचेला बाहेरून चिकटवलेल्या तबकडीवर विश्वास ठेवू नका. सुटी तार असलेला डिजिटल तापमापक घेऊन त्याचे टोक साप जिथे प्रत्यक्ष बसतो त्या जागी, जमिनीलगत ठेवा आणि एकदा पहाटे पाचच्या सुमारास उठून आकडा वाचा. दुपारी घेतलेल्या नोंदीवरून खरे चित्र कळत नाही. चटईला थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला ती आपोआप चालू-बंद करणारे उपकरण) जोडलेला नसेल तर तो आजच जोडावा, कारण अनियंत्रित चटईने सापाचे पोट भाजते आणि भाजलेले असूनही तो तेथेच बसून राहतो. नुसती चटई हवा तापवत नाही, म्हणून पेटीच्या दोन्ही बाजू आणि मागची भिंत जाड पुठ्ठ्याने किंवा थर्माकोलने बाहेरून झाकून घेतल्यास थंडीत बराच फरक पडतो.

उष्णतेइतकेच महत्त्व लपण्याच्या जागेला आहे. बैठकीच्या खोलीत दूरचित्रवाणी, पाहुणे, मुलांची ये-जा आणि रात्री उशिरापर्यंतचा उजेड असतो. चारही बाजूंनी उघड्या काचेत बसलेल्या, बिळात राहणाऱ्या प्राण्याला तेथे क्षणभरही निर्धास्त वाटत नाही. पेटी शांत खोलीत हलवावी आणि उबदार बाजूला एक, थंड बाजूला एक अशा दोन बंदिस्त जागा द्याव्यात. या जागा प्रशस्त नसाव्यात. वेटोळे घातलेल्या सापाचे अंग सर्व बाजूंनी भिंतीला टेकेल इतपतच त्या मोठ्या असाव्यात. तळाला छेद पाडून पालथी ठेवलेली मातीची कुंडी किंवा प्लॅस्टिकची टोपलीही चालते. छेदाची कड मात्र घासून गुळगुळीत करावी. हवेतील आर्द्रता ५५ ते ६५ टक्के राहील असे पाहावे. खोलीत हीटर लावला तर हवा कोरडी पडते, त्यामुळे कात तुकड्यातुकड्यांनी निघते. आणि डोळ्यांवर निळसर दुधी झाक आलेला, कात टाकण्याच्या बेतातील साप तर एरवीही बहुधा खात नाही.

आता आपल्या दिनक्रमाविषयी स्पष्ट सांगतो. एक दिवसाआड उंदीर दाखवणे थांबवावे. प्रत्येक अयशस्वी प्रयत्नात सापाला त्रास होतो आणि समोरचे भक्ष्य ही टाळायची गोष्ट आहे असे त्याच्या मनात रुजते. वरील बदल केल्यावर किमान सात दिवस त्याला हातात घेऊ नये, पाणी बदलण्यापलीकडे पेटीत हात घालू नये आणि त्यानंतर एकदाच, दिवे मालवल्यावर, प्रयत्न करावा. नाकारल्यास पुढचा प्रयत्न दहा ते चौदा दिवसांनी.

उंदीर शक्यतो मारून गोठवलेला, पाळीव पैदाशीचा असावा. जिवंत उंदीर भुकेला आणि घाबरलेला असतो. न खाणाऱ्या सापाजवळ तो सोडून ठेवल्यास सापाचीच पाठ आणि डोळे कुरतडतो, आणि अशा जखमा जीवघेण्या ठरतात. शेतात किंवा गोदामात पकडलेला उंदीर तर मुळीच देऊ नये. आपल्या भागात उसाच्या फडात आणि धान्याच्या कोठारात विषारी आमिषे सर्रास ठेवली जातात. ती खाल्लेला उंदीर सापाच्या पोटात गेला तर विषही त्याच्यासोबत जाते. गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवून पूर्ण वितळू द्यावा, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी गरम पाण्यात बुडवावी. मायक्रोवेव्हमध्ये तो कधीही तापवू नये, कारण आतून अर्धवट शिजतो आणि फुटतो. या जातीच्या सापाच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात. भक्ष्याचे अंग ३८ ते ४० अंशांपर्यंत गरम असेल तरच अंधारात ते त्याला जिवंत प्राण्यासारखे जाणवते. कोमट राहिलेला उंदीर नाकारला जाण्याचे हे अगदी साधे आणि वारंवार दुर्लक्षिले जाणारे कारण आहे. अंग कोरडे पुसून, डोक्याचा भाग थोडा अधिक गरम करून, लांब चिमट्याने तो लपण्याच्या जागेच्या तोंडाशी हलकेच हलवावा. सापाच्या तोंडावर आदळू नये. पाच मिनिटांत हल्ला झाला नाही तर उंदीर तेथेच ठेवून खोलीतून बाहेर जावे. काही साप एकांतातच खातात. सकाळी तो तसाच दिसला तर टाकून द्यावा, पुन्हा गोठवू नये. हात साबणाने धुणे विसरू नये.

उपासानंतरचे पहिले भक्ष्य नेहमीपेक्षा लहान असावे. दीर्घ उपासात अजगरांचे आतडे आकसते आणि अन्न मिळाल्यावर पुन्हा वाढून कामाला लागते, त्यामुळे पहिल्याच वेळी भरपेट दिल्यास उलटीचा धोका असतो. पाणी मात्र रोज ताजे हवे. अन्नावाचून तो महिने काढील, पाण्यावाचून नाही.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी वजन करून वहीत लिहावे. घट १० टक्क्यांच्या पलीकडे गेली, म्हणजे आपल्या बाबतीत वजन १०६० ग्रॅमच्या खाली आले, किंवा श्वास घेताना घरघर, नाकातून बुडबुडे, उघडे तोंड, तोंडात पिवळट साका, पाण्याच्या भांड्यात काळ्या ठिपक्यांसारखे माइट (सापाचे रक्त पिणारे बारीक परजीवी) यांपैकी काहीही दिसले तर मग वाट पाहू नये. गावात सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे कोणी नसल्यास शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा पुण्यात चौकशी करावी.

आपण विचारलेले नाही, तरी सांगणे कर्तव्य आहे : बॉल पायथन ही आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या यादीतील जात असून वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार तिची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर बंधनकारक आहे. नोंदणी झालेली नसल्यास वन विभागाच्या कार्यालयात जाऊन मार्ग विचारावा.

प्रश्न : उसाच्या तोडणीत धामणीचे एक पिल्लू सापडले, ते मुलाने काचेच्या बरणीत ठेवले आहे. दूध आणि अंडे ठेवून पाहिले, पण आठवडा झाला तरी ते काहीच खात नाही. काय द्यावे?
– एक वाचक, शिराळा तालुका, जि. सांगली

उत्तर : काहीही देऊ नये, त्याला सोडवावे. धामण हा भारतीय साप आहे, तिला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि तिला घरात ठेवणे गुन्हा आहे, हेतू कितीही प्रेमाचा असला तरी. आज वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. ते येईपर्यंत पिल्लाला हवेशीर, झाकण असलेल्या खोक्यात, अंधारात आणि सावलीत ठेवावे, पाण्याची उथळ वाटी द्यावी आणि कोणालाही पाहण्यासाठी झाकण उघडू देऊ नये.

ते का खात नाही, हेही सांगतो. साप सस्तन प्राणी नाही, दूध हे त्याचे अन्न नाही. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते द्रव पितो, पण दूध त्याला पचत नाही. आपल्या शिराळ्यात नागपंचमीची परंपरा फार जुनी असल्याने ही समजूत घराघरांत आहे आणि ती श्रद्धेतून आली आहे, याची मला जाणीव आहे. धामणीचे पिल्लू बेडूक, पाली आणि उंदरांची पिल्ले खाते. पण ही जात अतिशय चपळ आणि घाबरट असते. पारदर्शक बरणीत ती दिवसभर काचेवर नाक घासत राहते, नाकपुडीची कातडी सोलवटते आणि अशा स्थितीत भक्ष्य समोर असले तरी ती खात नाही. ती मोठी झाल्यावर त्याच उसातले उंदीर खाणार आहे, हे मुलाला समजावून सांगितल्यास तो तिला आनंदाने निरोप देईल असे वाटते.

प्रश्न : माझा कॉर्न स्नेक खातो, पण दोन-तीन दिवसांनी उंदीर उलटून टाकतो. पुन्हा लगेच खायला द्यावे का?
– एक वाचक, कराड

उत्तर : लगेच देऊ नये. उलटीबरोबर जठरातील आम्ल वर येऊन अन्ननलिका होरपळते आणि पचनास मदत करणारे घटकही निघून जातात. किमान दहा ते चौदा दिवस फक्त पाणी द्यावे, त्यानंतर नेहमीच्या निम्म्या आकाराचे भक्ष्य द्यावे. ते पचून विष्ठा झाल्यावरच आकार हळूहळू वाढवावा. कारणे बहुतेक वेळा तीनच असतात : पेटी गार असणे, खाल्ल्यानंतर ४८ तासांच्या आत सापाला हाताळणे, किंवा भक्ष्य सापाच्या सर्वांत जाड भागापेक्षा बरेच मोठे असणे. या तिन्ही गोष्टी दुरुस्त करूनही दुसऱ्यांदा उलटी झाली तर परजीवींची शक्यता धरून विष्ठेचा ताजा नमुना स्वच्छ डबीत घेऊन, शक्यतो त्याच दिवशी, पशुवैद्यकाकडे जावे.