आधी अडलेलं लिहून ठेव

मालवण
रविवार दुपार

तुला,

परवा कुडाळ स्टँडवर एसटी सुटता सुटता तू विचारलंस, “ओपन सोर्समध्ये काम करायचंय, पण आधी कोडिंग पक्कं करू का?” मी खिडकीतून फक्त “नको” म्हणू शकले. तेवढ्यावर तुला सोडणं बरं वाटेना, म्हणून हे पत्र.

नको म्हटलं, कारण तुझ्याकडे आज जे आहे ते पक्कं होता होता निघून जाईल. ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर. असं एखादं पहिल्यांदा उतरवून चालवताना माणूस जिथे अडतो त्या जागा नव्या माणसालाच दिसतात. जुन्यांच्या त्या अंगवळणी पडलेल्या असतात. दहा दिवसांनी तुझंही तेच होईल, आणि रीडमी या सूचनांच्या फाईलमधल्या तिसऱ्या पायरीशी दोन तास का गेले ते आठवणार नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेव. काय टाईप केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एवढंच लिही. सूचनांमधली एक गाळलेली पायरी भरून दिलीस तरी ते खरं योगदान आहे. तुझ्यामागून येणाऱ्या प्रत्येकाचे दोन तास त्याने वाचतात.

माझी सुरुवात रापणीच्या हिशेबातून झाली. वडील रापण संघात. जाळं ओढून झालं की वाटे पडायचे, आणि कुणाला काय गेलं, मासळी कुठे विकली, हे मी एका मुक्त स्प्रेडशीटमध्ये भरायचे. एकदा ‘किनाऱ्यावर’ हा शब्द शोधला तर निम्म्याच नोंदी सापडल्या. बाकीच्या समोर दिसत होत्या, तोच शब्द, तेच अक्षर, पण शोधात येत नव्हत्या. त्या नोंदी माझ्या चुलतभावाने दुसऱ्या कीबोर्डवरून भरलेल्या होत्या.

कारण असं, की आपला हा आडवा र दोन तऱ्हांनी साठवला जातो. एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत त्याचा क्रमांक 0931, त्यापुढे हलन्त आणि मग य. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह आणि य. डोळ्याला दोन्ही एकच, संगणकाला दोन वेगळे शब्द. ‘वाऱ्यावर’, ‘खाऱ्या’, ‘किनाऱ्यावर’ हे आपले रोजचे शब्द, आणि नेमके तेच अडणार.

त्या स्प्रेडशीटच्या प्रकल्पाकडे मी तक्रार नोंदवली. उत्तर देणाऱ्या माणसाला देवनागरी वाचता येत नव्हती. त्याने विचारलं, मग साधा रफार आणि हे, दोन्ही एकच धरू का? त्याला मी दोन जोड्या लिहून पाठवल्या: दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. आचार्य शिकवतात, आचारी स्वयंपाक करतात. म्हणजे दऱ्या दोन्ही तऱ्हांनी लिहिलेली सापडायला हवी, पण तिच्याबरोबर दर्या येता कामा नये. सोबत दहा शब्दांची एक चाचणी फाईल दिली. दुरुस्ती त्याने केली. त्यात कोडची एक ओळही माझी नव्हती, तरी माझ्यासारख्या कुणी सांगितल्याशिवाय ती झाली नसती, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं. तुझ्याकडेही अशी मराठी आहे. तुझ्या वाडीचं नाव ओपनस्ट्रीटमॅपवर आहे का, ते बघ. तो नकाशा 2004 पासून लोकच भरत आलेत, आणि वाडीतल्या पाणंदीची नोंद वाडीतल्या माणसाइतकी बरोबर कोण करणार?

प्रकल्प निवडताना स्वतः वापरतोस ते सॉफ्टवेअर घे. नाव किती मोठं आहे ते बघू नकोस. गेल्या महिन्या-दोन महिन्यांत कुणी बदल केलाय का आणि नव्या माणसांच्या पुल रिक्वेस्टला, म्हणजे आपला बदल घ्या म्हणून पाठवलेल्या विनंत्यांना, उत्तरं मिळतात का, ते बघ. योगदान कसं द्यायचं ते सांगणारी कॉन्ट्रिब्युटिंग नावाची फाईल असेल तर आधी ती शेवटपर्यंत वाच. ‘गुड फर्स्ट इश्यू’ अशी खूण केलेली कामं नवशिक्यांसाठीच राखलेली असतात. त्यातलं एकच घे. पाच कामांवर “मी करतो” लिहून गायब होणारे फार असतात, आणि त्यांच्यामुळे ती कामं अडून राहतात.

आपल्याकडच्या नेटचंही सांगते. गिट हे कोडचा इतिहास सांभाळणारं साधन. त्याचं क्लोन, म्हणजे प्रकल्पाची प्रत उतरवणं, मध्येच तुटलं तर ते पुढे चालू होत नाही, पुन्हा पहिल्यापासून उतरतं. पावसात लाईट गेली, टॉवर बसला, की सगळं वाया. म्हणून क्लोन करताना डेप्थ 1 हा पर्याय दे. मग जुना सगळा इतिहास न येता शेवटचा कमिट, म्हणजे कोडची शेवटची नोंदवलेली स्थिती, तेवढा उतरतो आणि सुरुवातीला तेवढा पुरतो.

आता माझी एक चूक. पहिल्यांदा कोड पाठवला तेव्हा दुरुस्ती तीन ओळींची होती, पण माझ्या एडिटरने सेव्ह करताना सगळ्या फाईलमधल्या मोकळ्या जागा सरळ करून टाकल्या. चारशे ओळी बदललेल्या दिसत होत्या आणि त्यात माझ्या तीन बुडाल्या होत्या. मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, एका वाक्यात सांगितलं, हे वेगळं करून आण. मला तो अपमान वाटला आणि वर्षभर मी तिकडे फिरकले नाही. त्याच ब्रँचवर, म्हणजे माझ्या बदलांच्या त्याच फांदीवर, तीन ओळी नीट करून पुन्हा पाठवल्या असत्या तर त्याच आठवड्यात काम झालं असतं. ते वर्ष मला अजून लागतं. तुला कुणी “हे बदल” म्हणालं तर याचा अर्थ त्याने तुझं काम वेळ काढून वाचलंय. नवी पुल रिक्वेस्ट उघडू नकोस, त्याच ब्रँचवर बदल चढव, जुनीत तो आपोआप दिसतो. आणि पाठवण्याआधी डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, स्वतः ओळ न ओळ वाच. एआयकडून लिहून घेतलेली ओळसुद्धा, तुला समजावून सांगता येत नसेल तर, पाठवू नकोस.

लिहिताना “रिस्पेक्टेड सर” नको. तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. इंग्रजी कच्चं आहे म्हणून माफीही मागू नकोस, छोटी वाक्यं लिही. उत्तर आलं नाही तर आठवडाभर थांब आणि मग एकदा आठवण दे. पलीकडचा माणूस बऱ्याचदा नोकरी सांभाळून, घरची कामं आटोपून, फुकट हे करत असतो.

बक्षिसासाठी मात्र धावू नकोस. 2020 च्या हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या ओपन सोर्स उपक्रमात टी-शर्टसाठी हजारोंनी रीडमीत एखादा शब्द घुसवून पुल रिक्वेस्ट पाठवल्या, मेंटेनर हैराण झाले आणि शेवटी संमती देणाऱ्या प्रकल्पांपुरताच तो ठेवावा लागला. पैसे मिळणारा आणि शिकवणारा मार्ग हवा असेल तर गूगल समर ऑफ कोड आहे. 2022 पासून तो फक्त विद्यार्थ्यांपुरता नाही, अठरा पूर्ण झालेल्या नवख्यांनाही अर्ज करता येतो. पण ज्या प्रकल्पासाठी अर्ज करशील तिथे काही महिने आधीपासून तुझा वावर असू दे.

पुढच्या रविवारी घरी ये. तोवर एकच सॉफ्टवेअर निवड, ते चालवून बघ आणि वहीत निदान तीन अडचणी लिहून आण. त्यातली एक आपण इथेच बसून इश्यू, म्हणजे प्रकल्पाकडे तक्रार, म्हणून लिहू. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून आण, आमच्याकडे दुपारची लाईट जाते.

तुझी ताई