ज्यांना आपलं मत नाही, त्यांच्यासाठी ताट सोडलं

मी कौटुंबिक समुपदेशन करते. अलीकडे माझ्याकडे एक तक्रार फार येते. नवराबायकोचं पटत नाही, मुलगा अभ्यास करत नाही, ही गाऱ्हाणी जुनीच. पण आता बेळगाव, खानापूर, निपाणीकडची माणसं समोर बसून सांगतात, "घरात पार्टीवरून बोलणं बंद आहे. कुठल्या पक्षाने पैसे जास्त खाल्ले, यावरून." निवडणूक जवळ आली की हे वाढतं, डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की पुन्हा वाढतं. त्यातून आपल्या सीमाभागात या भांडणाला दोन राज्यांचा माल मिळतो. मत द्यायचं ते बेंगळूरच्या सरकारसाठी, आणि टीव्हीवर दिवसभर मुंबई.

अशा बऱ्याच घरांपैकी एक इथे सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वडगावातली एक सून आली. सासऱ्यांचे पूर्वी माग होते, ते आता विकले. नवरा गटारी, पेव्हर अशी छोटी कामं मोठ्या ठेकेदाराकडून घेतो. सासरे जन्मभर समितीचे, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे. २०१३ मध्ये समितीचे दोन आमदार निवडून आले, २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. तेव्हापासून त्यांचा सगळा राग भाजपवर, आणि म्हणून ते काँग्रेसच्या बाजूने बोलतात. मुलगा भाजपचा.

"मामा ताटावरून उठले ते उठलेच," ती म्हणाली. "आता एक जण हॉलमध्ये जेवतोय, एक जण आत. मी दोन वेळा वाढते."

"कशावरून उठले?"

"खरी शिवसेना कुणाची, यावरून."

"तुमच्या घरातली मतं कुठल्या मतदारसंघात आहेत?"

"बेळगाव दक्षिण."

"मग ठाकरे आणि शिंदे, दोघांपैकी तुम्ही कुणाला मत देणार?"

ती आधी गप्प बसली, मग तोंडाला पदर लावून हसली. पुढच्या वेळी दोघांना घेऊन आली.

माझा अनुभव असा, की घरातलं भांडण ज्या विषयावरून चालतं तो विषय खोटा नसतो, पण त्या विषयाआड दुसरं काहीतरी बसलेलं असतं. माझं शिक्षण कुटुंबाकडे एकत्र बघण्याच्या पद्धतीतलं आहे. एकट्या माणसाला सुधारायच्या भानगडीत मी पडत नाही. दोन माणसांना एकमेकांशी थेट बोलता येत नसलं की ती मध्ये तिसरा आणतात. कधी तो तिसरा नातू असतो, कधी देव, कधी दारू. हल्ली पक्ष असतो. तरीही "राजकारण सोडा, घर सांभाळा" असा सल्ला मी देत नाही. भ्रष्टाचार खरा आहे, त्याचा राग यायलाच हवा. राग न येणाऱ्या घरांची मला उलट जास्त काळजी वाटते.

पहिल्या बैठकीत दोघांनी यादी वाचली. आप्पांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे, २०११ चा लोकायुक्तांचा खाण अहवाल, त्यानंतरचा भाजपचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पांचा राजीनामा, २०२१ मध्ये कंत्राटदारांच्या संघटनेने पंतप्रधानांना लिहिलेलं पत्र आणि "चाळीस टक्के" कमिशन. मुलाकडे २०२४ चं वाल्मीकी महामंडळातल्या पैशांचं प्रकरण, काँग्रेसच्या मंत्र्याचा राजीनामा, म्हैसूरच्या नगरविकास प्राधिकरणाचं, म्हणजे मुडाचं, भूखंडांचं प्रकरण. प्रत्येक वाक्याचं उत्तर दुसऱ्या प्रकरणाने. कबड्डीत पकडायला कुणी पुढे येत नाही, दोन्ही संघ नुसते आपापल्या अंगणात "कबड्डी, कबड्डी" म्हणत उभे आहेत, तसं चाललं होतं.

मी कागदावर चार रकाने पाडले. नुसता आरोप, गुन्हा नोंद, आरोपपत्र, निकाल. म्हटलं, तुमचं एकेक प्रकरण यात बसवा. सोपं काम वाटतं, पण त्यात दोघांचाही घाम निघाला. २०१६ मध्ये खाण व्यवहारातल्या लाचेच्या एका खटल्यात सीबीआयच्या विशेष न्यायालयाने येडियुरप्पांना निर्दोष सोडलं, हे आप्पांना माहीतच नव्हतं. "सोडणारच की, वर त्यांचंच सरकार," ते म्हणाले. मुडा प्रकरणात फेब्रुवारी २०२५ मध्ये लोकायुक्त पोलिसांनी काँग्रेसचे मुख्यमंत्री सिद्धरामय्यांविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल दिला, हे मुलाने ऐकलं होतं. तो म्हणाला, "देणारच की, पोलीस त्यांचेच." बापलेकांनी एकच वाक्य म्हटलं, फक्त पक्ष वेगळा. सुनेच्या ते लगेच लक्षात आलं, त्या दोघांच्या नाही.

मग मी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची गोष्ट काढली. कर्नाटकात तो २०१६ मध्ये काँग्रेस सरकारने सुरू केला आणि लोकायुक्त पोलिसांचे अधिकार गेले. भाजपने विरोधात असताना त्यावर टीका केली. नंतर भाजपचं सरकार आलं, तरी विभाग चालूच राहिला. शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. "हे कुणाच्या यादीत लिहू?" मी विचारलं. उत्तर आलं नाही.

त्यानंतर मी तो प्रश्न विचारला, जो अशा घरांसाठी मी हळूहळू घडवला आहे आणि ज्याच्यावर माझा भरवसा आहे. "बाकी सगळं बाजूला ठेवा. तुमच्या स्वतःच्या हाताने पैसे कधी द्यावे लागले?"

अशा वेळी मी घाई करत नाही. पंखा फिरत होता. सून पाण्याचा ग्लास हातात धरून नवऱ्याकडे बघत होती.

आप्पाच आधी बोलले. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा जागेचं खातं बदलायला एका कार्यालयात पैसे मोजले होते. "माग विकून आलेल्यातले दिले. घरात सांगितलं न्हाई. पोराला सांगितलं, फी भरली." मुलगा खाली बघत म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं, आप्पा." आणि मग तोही बोलला. बिल पास व्हायला वर काय काय पोचवावं लागतं, ते त्याने एकदाही मान वर न करता सांगितलं.

मी दोघांना साल विचारलं. आप्पांनी पैसे दिले तेव्हा एका पक्षाचं सरकार होतं. मुलगा दोन्ही पक्षांच्या काळात देत आला आहे.

"मला वाटायचं," आप्पा म्हणाले, "हा त्यांचं एवढं ओढून बोलतोय, म्हणजे ह्याला बी त्यातलं कायतरी मिळतंय."

"मिळत न्हाई ओ आप्पा, जातंय."

माझ्या मते सगळं त्या एका वाक्यात होतं. बापाला मुलगा चोरांत सामील झाल्यासारखा वाटत होता, म्हणून तो त्याच्या पक्षाला चोर म्हणत होता. मुलाला ते स्वतःलाच लागत होतं, म्हणून तो पक्षाची ढाल पुढे करत होता. लांबच्या मोठ्या चोरीबद्दल बोलण्यात एक सोय असते. रकमा कोटींत असल्या की आपण दिलेली पाकिटं आठवत नाहीत. आणि पाकिटं न आठवण्याला कायद्याचं कारणही आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच सूट मिळते. म्हणून देणारा गप्प बसतो, आणि साठलेला राग जेवणाच्या ताटावर काढतो.

अशा घरांना मी आता थोड्याच गोष्टी सांगते. एकाने एक प्रकरण काढलं, तर दुसऱ्याने त्याच प्रकरणावर बोलायचं. "तुमच्यांनी काय केलं?" हे उत्तर नाही, ती सुटका आहे. ते विचारायचंच असेल, तर पहिल्याचं उत्तर देऊन झाल्यावर. आरोप आणि निकाल यातला फरक आपल्या पक्षाला लावता तसा दुसऱ्यालाही लावा. मोबाईलवर आलेला मजकूर ताटावर वाचून दाखवायचा नाही. आणि जिथे आपला हात पोचतो तिथून सुरुवात करा. कर्नाटकात २०११ चा सकाला कायदा आहे, सरकारी कामं ठरलेल्या मुदतीत करून देण्याचा. अर्ज दिला की पोच क्रमांक मागून घ्यायचा, मुदतीत काम झालं नाही तर अपील करायचं. उशिराबद्दल दिवसाला २० रुपये भरपाईचीही तरतूद आहे. हा कायदा भाजपच्या काळात आला आणि काँग्रेसच्या काळातही चालू राहिला, हे मी मुद्दाम सांगते. लोकांना ते ऐकायला फारसं आवडत नाही.

आप्पांनी एका दाखल्यासाठी तसा अर्ज दिला. कार्यालयातला माणूस म्हणाला, "कशाला एवढं, तुम्ही आमचेच की." तरी पोच घेऊन आले, आणि दाखला मिळायच्या आधी मला ती पोचच दाखवली. मुलाने ठेकेदारीचं काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही. घर चालवायचं आहे, मीही त्याला घाई करत नाही. त्याने हिशेबाची वही बायकोला दाखवायला सुरुवात केली आहे, आणि मला तेवढं आज पुरेसं वाटतं.

भांडणं थांबलेली नाहीत, आणि ती थांबावीत असं मला वाटतही नाही. आता जेवण एकत्र होतं, आवाज चढतो, सून दोघांना एकदाच वाढते. शेवटच्या भेटीत आप्पांनी आपणहून वाल्मीकी महामंडळाचं काढलं आणि "खाल्लंच त्यांनी" म्हणाले. मुलाने हात वर केला. "थांबा आप्पा, निकाल लागलेला न्हाई त्यात. कुठल्या रकान्यात घालतासा?"